एकदा केलं, आता पुन्हा?

*वजनाची पहिली शस्त्रक्रिया फसल्यावर दुसरीसाठी विमा कंपनीकडे दाद कशी मागावी*

विम्याचे कागद आपल्या घरात कुठे असतात, सांगता येईल? बहुतेक घरांत ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लग्नाच्या शालूखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. हप्ता भरला की पावती त्या पिशवीत जाते आणि पिशवी पुन्हा शालूखाली. आत काय लिहिलंय ते वाचायची पाळी येते ती घरातलं कुणी दवाखान्यात दाखल झाल्यावर. तेव्हा ना वेळ असतो, ना चित्त थाऱ्यावर. म्हणून मैत्रिणींनो, आज जरा सवडीने हा विषय बोलू या.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ही काही वर्षांपूर्वी आपल्यासारख्या गावांतल्या बायकांच्या बोलण्यातली गोष्ट नव्हती. २०११ साली नितीन गडकरी यांनी ती करून घेतली, २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांना त्यासाठी विमानाने मुंबईत आणलं, तेव्हा आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांतून वाचलं. आता साताऱ्यात हळदीकुंकवाला दहाजणी जमल्या, तर एखादी तरी ओळखीतलं उदाहरण सांगते. पण जिचं वजन उतरलं तिचं कौतुक होतं. जिचं उतरून पुन्हा चढलं, ती मात्र गप्प असते. तिच्याबद्दल लिहायला हवं असं मला गेल्या वर्षी प्रकर्षाने वाटलं, कारण माझी सांगलीची मावसबहीण त्यातून गेली.

ताईची उंची १५२ सेंटिमीटर. २०१८ साली तिचं वजन १०१ किलो होतं आणि जोडीला मधुमेह. तेव्हा पहिली शस्त्रक्रिया झाली. घरात विमा होता, पण त्या वेळच्या त्यांच्या पॉलिसीत लठ्ठपणावरचा कुठलाच उपचार बसत नव्हता. पावणेतीन लाख रुपये खर्च आला. थोडे पतपेढीचे आणि बाकीच्यासाठी पाटल्या गहाण. दीड वर्षात वजन सत्तरवर आलं. घरात आनंदीआनंद. मग हळूहळू ते वर सरकू लागलं आणि २०२४ अखेर ८४ झालं. साखर पुन्हा हाताबाहेर गेली. त्याहून वाईट म्हणजे रात्री आडवं झालं की घशाशी आंबट यायचं. तीन उशा लावून ती बसल्या बसल्या झोपायची. मिरजेच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासलं, तर अन्ननलिका आम्लाने भाजल्यासारखी झालेली. त्यांनी सांगितलं, पहिली शस्त्रक्रिया बदलून बायपास करावा लागेल.

घरी हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एकदा केलं, आता पुन्हा? तोंडावर ताबा नको का?" भावजी काही बोलले नाहीत. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणारा माणूस. कर्ज कधी फिटलं ते त्यांना तारखेनिशी पाठ होतं. आणि चारच दिवसांत विमा कंपनीचं पत्र आलं : "वजन नियंत्रणाचे उपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत. सबब विनंती अमान्य." ताईने फोनवर मला एवढंच सांगितलं, "जाऊ दे गं, माझंच चुकलं असणार."

तिचं खरंच चुकलं होतं का, ते आधी पाहू. मग पत्राकडे वळू.

फसते म्हणजे काय होतं?

ताईची पहिली शस्त्रक्रिया होती तिला 'स्लीव्ह' म्हणतात. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि उरलेल्याची बाहीसारखी अरुंद नळी करतात. थोडं खाल्लं की पोट भरतं, आणि भूक चाळवणारं एक संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. दुसरा प्रकार 'बायपास'. त्यात जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात.

आता एक गोष्ट फार थोड्या जणींना ठाऊक असते. स्लीव्ह ही मुळात अर्धी शस्त्रक्रिया होती! फार वजनाच्या रोग्यांवर मोठी शस्त्रक्रिया एका दमात करणं धोक्याचं, म्हणून डॉक्टर ती दोन टप्प्यांत करत. पहिला टप्पा हा. पुष्कळांचं वजन तेवढ्यानेच उतरलं, दुसऱ्याची गरज पडेना, म्हणून पहिला टप्पाच स्वतंत्र शस्त्रक्रिया म्हणून रूढ झाला. तेव्हा काहींना दुसरा टप्पा लागतो यात आक्रीत असं काही नाही.

वजन परत का चढतं? कधी ती नळी काळानुसार सैल होते. वजन उतरलं की शरीर स्वतःच भूक वाढवून आणि खर्च कमी करून जुन्या वजनाकडे ओढ घेतं. काही औषधांनी, विशेषतः स्टिरॉइडनी, वजन वाढतं. खाण्याच्या सवयींचाही वाटा असतोच. दिवसभर भडंग-फरसाण थोडं थोडं तोंडात टाकत राहिलं तर लहान पोटातूनही बरंच जातं. पण आम्ल वर येण्याचा त्रास हा स्लीव्हचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. त्याचा जिभेच्या ताब्याशी संबंध नाही, नळीच्या रचनेशी आहे. हे डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून, कागदावर चित्र काढून सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. तुमच्याही घरी असं होत असेल तर घरच्यांना एकदा डॉक्टरांपुढे नेऊन बसवा. आपण दहा वेळा सांगून जे पटत नाही ते तिथे पाच मिनिटांत पटतं.

वाक्य शेवटपर्यंत वाचा

आता ते पत्र. ताईने पॉलिसीची सगळी पानं मला साताऱ्याला पाठवली. मी अर्धवेळ शिक्षिका, विम्यातली काही तज्ज्ञ नव्हे. पण वर्गात मुलांना एक गोष्ट रोज सांगते : वाक्य शेवटपर्यंत वाचा. तेच इथे उपयोगी पडलं.

विमा क्षेत्रावर देखरेख करणारं प्राधिकरण, आयआरडीएआय, यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये 'काय वगळायचं' याची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. नव्या पॉलिसींना ती १ ऑक्टोबर २०१९ पासून आणि जुन्यांना १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. त्या यादीतला सहावा कोड लठ्ठपणाचा. मथळा वाचला तर वाटतं, सगळंच वगळलं. पण खालचं वाक्य म्हणतं की पुढच्या सर्व अटी *पूर्ण न करणाऱ्या* शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार नाही. म्हणजे अटी पूर्ण झाल्या तर हे कलम आड येत नाही! त्या अटी अशा :

१. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने हवी.
२. ती मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून हवी.
३. वय १८ किंवा अधिक हवं.
४. बीएमआय ४० किंवा अधिक हवा; किंवा ३५ व अधिक असून, कमी त्रासाच्या उपायांनी वजन न उतरलेलं आणि जोडीला या चारांपैकी एक गंभीर आजार हवा : लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, किंवा आटोक्यात नसलेला टाइप-२ मधुमेह.

बीएमआय काढणं सोपं आहे. किलोतलं वजन घ्या, मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. ताईचं गणित : ८४ भागिले १.५२, पुन्हा भागिले १.५२, आलं ३६.४. म्हणजे ३५ च्या वर. साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी ९ च्या पुढे, तीही गोळ्या आणि इन्शुलिन चालू असताना. अट बसत होती. आणि पहिली शस्त्रक्रिया की दुसरी, असा भेद त्या कलमात कुठेही केलेला नाही.

मग नकार का आला? दवाखान्यातून गेलेल्या अर्जात 'वजन कमी करण्यासाठी' एवढंच लिहिलेलं होतं. मधुमेह नाही, अन्ननलिकेचा दाह नाही, एंडोस्कोपीचा अहवाल नाही. समोरच्या टेबलावरच्या माणसाने मथळा पाहिला आणि शिक्का मारला.

फाइल अशी लावावी

ही यादी कापून ठेवा. तुम्हाला नाही तर कुणाला तरी उपयोगी पडेल.

• सर्जनचं सविस्तर पत्र. आधी काय झालं, आता नेमका आजार काय, दुसरी शस्त्रक्रिया कोणती व का, न केल्यास काय होईल, हे सगळं त्यात हवं. वजन, उंची आणि बीएमआय तारखेसह.
• पहिल्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेची नोंद.
• एंडोस्कोपीचा अहवाल. बेरियम किंवा सीटी स्कॅन केला असल्यास तोही.
• मधुमेहाचे निदान दोन-तीन वर्षांचे अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या. एका तपासणीने 'आटोक्यात नाही' हे सिद्ध होत नाही.
• आहारतज्ज्ञ आणि फिजिशियन यांच्या नोंदी. 'कमी त्रासाचे उपाय करून झाले' याचा पुरावा तोच. "रोज चालत होते" हे तोंडी सांगून भागत नाही.
• पॉलिसीच्या सर्व वर्षांच्या पावत्या, म्हणजे खंड पडला नाही हे दिसेल.
• कंपनीचं नकाराचं पत्र आणि त्यात दाखवलेलं कलम.

डिस्चार्ज कार्डाबद्दल दोन शब्द जास्त. डॉक्टरांनी दाखल रोग्याचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावेत आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. पण तीन वर्षांनंतर कुणी हमी देत नाही. ताईचं कार्ड देवघराच्या खणात सापडलं. शस्त्रक्रियेची नोंद मात्र जुन्या दवाखान्याच्या संगणकात होती म्हणून मिळाली. तेव्हा घरातल्या कुणाचीही शस्त्रक्रिया झाली की ते कागद रद्दीत जाऊ देऊ नका.

आणखी एक. विमा एजंटाच्या ओळखीतल्या एकाने ताईला सुचवलं, "वजन चार किलो वाढवून लिहून घ्या, काम सोपं होईल." असल्या सल्ल्याला बळी पडू नका. दाखल होताना वजन पुन्हा होतं, फरक दिसला की खरा दावाही खोटा ठरतो. नवी पॉलिसी घेतानाही आधीची शस्त्रक्रिया अर्जात स्पष्ट लिहा. आधीच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. पॉलिसी सलग पाच वर्षं चालू राहिली की 'माहिती लपवली' म्हणून दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. म्हणून हप्ता चुकवू नका.

पत्र कसं लिहावं?

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहायचं. रागाचे शब्द नकोत, रडगाणं नको. कलम आणि कागद, बस्स. आम्ही लिहिलं ते साधारण असं :

*"महोदय, आपल्या अमुक तारखेच्या पत्राने माझी विनंती वजन नियंत्रणाच्या कलमाखाली अमान्य केली आहे. सदर कलमातील चारही अटी मी पूर्ण करते. (१) सर्जनचा लेखी सल्ला सोबत आहे. (२) सुचवलेली शस्त्रक्रिया मान्य पद्धतीनुसार असल्याचे त्यांनी नमूद केले आहे. (३) माझे वय ४३ आहे. (४) बीएमआय ३६.४ असून टाइप-२ मधुमेह औषधे व इन्शुलिन घेऊनही आटोक्यात नाही. अहवाल व आहारोपचाराच्या नोंदी जोडल्या आहेत. याखेरीज अन्ननलिकेचा दाह असल्याचा एंडोस्कोपी अहवाल जोडला आहे. यांपैकी कोणती अट पूर्ण होत नाही असे आपले मत असल्यास ती लेखी कळवावी, ही विनंती."*

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. त्याने चेंडू त्यांच्या अंगणात जातो. २०२४ सालच्या नियमांनुसार दावा नाकारायचा तर कंपनीच्या समितीने तो पाहिला पाहिजे आणि कलम दाखवून कारण दिलं पाहिजे. कॅशलेसच्या अर्जाला एका तासात उत्तर द्यायचं, असंही त्याच नियमांत आहे. आणि लक्षात ठेवा, कॅशलेस नाकारणं म्हणजे दावा नाकारणं नव्हे. पैसे स्वतः भरून नंतर परतफेड मागण्याचा हक्क राहतोच.

कंपनीने ऐकलंच नाही तर?

तक्रारीवर दोन आठवड्यांत उत्तर यायला हवं. प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा 'बीमा भरोसा' या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात दाद लागली नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या लोकपालांकडे येतात. कचेरी नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते, सुनावणीही व्हिडिओवर होऊ शकते, म्हणजे पहाटेची गाडी पकडून पुणं गाठायलाच हवं असं नाही. नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. पटला नाही तर आपण पुढे जाऊ शकतो.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. तो साताऱ्यातही आहे, सांगलीतही. मुदत दोन वर्षांची. भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मात्र दोन्हीकडे एकदम जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. आधी लोकपाल, मग आयोग, हा क्रम बरा.

जिथे नियम आपल्या बाजूचा नसतो

प्रत्येकीचं काम होईल असं मी म्हणणार नाही. आमच्या साताऱ्यातल्या शाळेतल्या एका बाईंचीही स्लीव्ह फसली. गुडघे दुखतात, रक्तदाब आहे, बीएमआय ३२. त्यांच्या डॉक्टरांना दुसरी शस्त्रक्रिया योग्य वाटत होती. वैद्यकशास्त्राप्रमाणे ते बरोबरच. आपल्या लोकांना कमी वजनावरही मधुमेह गाठतो, म्हणून २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करावा असं म्हटलंय. पण विम्याच्या कलमातले ४० आणि ३५ हे आकडे १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या मापाचे आहेत. गुडघे, रक्तदाब, पीसीओडी त्या चार आजारांत येत नाहीत. बाईंना नकार आला आणि त्या कलमाच्या शब्दांप्रमाणे तो चुकीचा नव्हता. त्यांनी लढण्यात वर्ष घालवलं नाही. २०२५ पासून आपल्याकडे वजनाची नवी इंजेक्शनं मिळू लागली आहेत. त्या ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्वखर्चाने घेत आहेत. नियम बदलायला हवा हे खरं, पण तोवर आपण कुठे उभ्या आहोत ते ओळखलेलं बरं.

नोकरदार पतीच्या कारखान्याचा सामूहिक विमा असेल, तर त्याच्या अटी निराळ्या असू शकतात. कधी सैल, कधी या शस्त्रक्रियेला ठरावीक रकमेची मर्यादा. ऑफिसातून ते कागद मागून घ्या.

मंजुरीनंतर

ताईच्या पत्राला बाराव्या दिवशी उत्तर आलं. दोन कागद जास्तीचे मागितले, ते दिले, आणि मार्च २०२५ मध्ये मंजुरी आली. शस्त्रक्रिया मिरजेला झाली. खोलीच्या भाड्याला पॉलिसीत मर्यादा असते. तिच्या वरची खोली घेतली की नुसतं भाडंच नव्हे, इतर खर्चही त्या प्रमाणात कापतात. भावजींनी ते आधीच वाचून ठेवलं होतं, त्यामुळे भुर्दंड पडला नाही.

एक मात्र सांगायला हवं. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. आतले भाग एकमेकांना चिकटलेले असतात, गुंतागुंतीची शक्यता जास्त असते. म्हणून ती अशा फेरशस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या सर्जनकडेच करावी आणि "अशा किती केल्यात?" हे विचारायला संकोचू नये. बायपासनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं. शाकाहारी बायकांनी तर बी-१२ मुळीच चुकवू नये. जेवणात आधी मुगाचं घट्ट वरण, पनीर, उसळ किंवा अंडं, भाकरी-भात मागाहून. पाणी जेवणाबरोबर नाही. पेढ्याचा तुकडा हातावर ठेवला तर पाहुणचार झाला असं समजायचं.

ताई आता रात्री एका उशीवर झोपते. इन्शुलिन बंद झालंय, गोळी एक उरलीय. पाटल्या मागेच सुटल्या होत्या, त्या या वेळी गहाण पडल्या नाहीत. आणि गल्लीतली दुसरी एक बाई परवा कंपनीचं नकाराचं पत्र घेऊन तिच्याकडे आली, तेव्हा तिने चहा टाकण्याआधी विचारलं, "कलम कोणतं लिहिलंय, दाखवा बघू."